नॉर्दॅम्प्टननं निवडलेला माणूस

21 फेब्रुवारी 1882. लंडनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये एक उंच, रुंद खांद्यांचा माणूस सभापतींसमोरच्या टेबलापाशी चालत येतो. खिशातून बायबलच्या नव्या कराराची प्रत काढतो, सोबत आणलेल्या कागदावरून सभासदत्वाची शपथ स्वतःच वाचतो, प्रतीचं चुंबन घेतो आणि कागदावर सही करतो. त्याला कोणी बोलावलेलं नाही, शपथ द्यायला कोणी अधिकारी पुढे आलेला नाही. दुसऱ्या दिवशी सभागृह त्याला काढून टाकतं. पुढच्या दहा दिवसांच्या आत त्याचा मतदारसंघ त्याला पुन्हा निवडून पाठवतो.

तो माणूस चार्ल्स ब्रॅडलॉ, त्या काळच्या इंग्लंडमधला सर्वांत गाजलेला नास्तिक. 1880 साली नॉर्दॅम्प्टनमधून निवडून आला आणि आपल्या जागेवर निर्वेधपणे बसायला त्याला 1886 उजाडावं लागलं. या सहा वर्षांत त्यानं जे केलं ते तत्त्वासाठी की खुर्चीसाठी, हा वाद तेव्हाही होता आणि आजही त्यात दम आहे. पुढच्या संवादात एक वकील ब्रॅडलॉविरुद्ध बाजू मांडतात आणि इतिहासाचे एक प्राध्यापक त्यांना उत्तर देतात. या लेखकाचा कौल प्राध्यापकांकडे आहे, पण वकिलांचे आक्षेप तकलादू नाहीत आणि ते तसे करून मांडलेलेही नाहीत.

वकील : सर, तुम्ही ब्रॅडलॉला तत्त्वनिष्ठ म्हणता. मला त्यात तत्त्वापेक्षा सोय जास्त दिसते. 3 मे 1880 ला तो सभागृहात येतो आणि सांगतो की मला देवाच्या नावानं शपथ घ्यायची नाही, मी गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करीन. इथपर्यंत मला त्याच्याबद्दल आदरच आहे. समिती बसते आणि प्रतिज्ञेची सवलत त्याला लागू नाही असं ठरवते. मग पंधरा-वीस दिवसांत हाच माणूस म्हणतो, ठीक आहे, द्या ती शपथ, मी घेतो. आणि घ्यायच्या आदल्या दिवशी पत्र लिहून जाहीर करतो की त्या शपथेतले काही शब्द माझ्या लेखी अर्थहीन आहेत. हे पत्र वर्तमानपत्रांत छापून येतं. माझ्या धंद्यातला दाखला देतो. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून म्हणाला की, न्यायाधीशमहाराज, या शपथेतल्या देवाच्या नावाला माझ्या दृष्टीनं काही अर्थ नाही, पण तुमचा नियमच असेल तर घेऊन टाकतो, तर कोणतं कोर्ट त्याला शपथ देईल? त्याला शपथ नाकारणाऱ्यांना धर्मवेडे म्हणणं सोपं आहे. पण शपथ हा खेळ नव्हे, असं त्यांना वाटलं असेल तर त्यांचं काय चुकलं? खरा प्रामाणिक माणूस दोनच गोष्टी करू शकला असता. एक तर शपथ ठामपणे नाकारून बाहेर राहायचं, नाही तर निमूटपणे घेऊन आत जायचं. यानं दोन्ही दगडांवर पाय ठेवले.

प्राध्यापक : वकीलसाहेब, त्या पत्राबद्दल मी आधीच कबूल करतो. अर्थहीन हा शब्द वापरायला नको होता. ज्या क्षणी विरोधकांना निमित्त हवं होतं, त्या क्षणी त्यानं ते ताटात वाढून दिलं. पण त्याच पत्रात पुढे काय आहे तेही बघा. मला प्रतिज्ञा करू दिली असती तर ती माझ्यावर जितकी बंधनकारक ठरली असती, तितकीच ही शपथ मी माझ्यावर बंधनकारक मानीन, असा त्याचा आशय आहे. समितीपुढेही तो हेच सांगत राहिला की वचन मी पाळणार आहे. राणीशी निष्ठेचं वचन हा त्या शपथेचा गाभा, आणि देवाचं नाव ही त्याची साक्ष. गाभा त्याला मान्य होता, साक्षीला आपल्या लेखी वजन नाही एवढंच त्यानं खरं सांगितलं. तुम्ही त्याला दोन दगडांवर पाय ठेवणारा म्हणता. मला दिसतो तो दोन्ही बाजूंनी बंद केलेला दरवाजा. प्रतिज्ञा करू दे म्हटलं तर उत्तर मिळतं, कायद्यात तुझ्यासाठी ती सवलत नाही, शपथ घे. बरं, शपथ घेतो म्हटलं तर उत्तर मिळतं, तू देव मानत नाहीस, तुला शपथ देता येत नाही. म्हणजे कोणताही मार्ग धरला तरी नॉर्दॅम्प्टनचा सभासद आत येणार नाही. ही अडचण त्याच्या विवेकाची नव्हती, त्याला आत घ्यायचंच नव्हतं याची होती.

आणि तो सोयीचा माणूस होता का, हे त्याच्या आयुष्यावरून तपासा. 1833 साली लंडनच्या हॉक्स्टन भागात जन्म, वडील एका वकिलाच्या कचेरीत कारकून. पोरगा चर्चच्या रविवारच्या शाळेत मुलांना शिकवत होता. चर्चची अधिकृत धर्मसूत्रं आणि शुभवर्तमानं ताडून पाहताना त्याला विसंगती दिसल्या आणि त्यानं त्या पाद्र्याला पत्रानं विचारल्या. परिणाम असा की सोळाव्या वर्षी घर सुटलं. पोटासाठी फौजेत भरती झाला, आयर्लंडमध्ये घोडदळात राहिला, पुढे एका नातेवाईक बाईनं मागे ठेवलेल्या पैशातून स्वतःला मोकळं करून घेतलं आणि कारकुनी करत कायदा शिकला. व्याख्यानं टोपणनावानं द्यायचा, कारण मालकाला त्रास नको. 1866 मध्ये नॅशनल सेक्युलर सोसायटी काढली. खरं बोलण्याची किंमत त्यानं कोवळ्या वयापासून मोजली होती. सोय पाहायची असती तर सोळाव्या वर्षीच गप्प बसला असता.

प्रतिज्ञेची मागणीही त्यानं हवेतून काढलेली नव्हती. 1869 आणि 1870 च्या कायद्यांनी नास्तिक साक्षीदारांना कोर्टात शपथेऐवजी प्रतिज्ञा करायची मुभा दिली होती आणि ब्रॅडलॉनं ती कोर्टात वापरली होती. पार्लमेंटात क्वेकर वगैरे पंथांना प्रतिज्ञा चालतच होती. कोर्टात ज्याचा शब्द विश्वासाचा, त्याचा पार्लमेंटात का नाही, एवढाच त्याचा सवाल होता. समितीत मतं समसमान पडली आणि अध्यक्षांच्या एका निर्णायक मतानं ती मागणी फेटाळली गेली. आपल्याकडे तर 1840 च्या कायद्यानंच हिंदू आणि मुसलमान साक्षीदारांकडून शपथेऐवजी प्रतिज्ञा घेणं सुरू झालं होतं. इंग्रजांच्याच राज्यात लाखो साक्षी तशा झाल्या. त्यानं न्यायालयं कोसळली नाहीत.

वकील : कायद्याचा मुद्दा तुमचा. पण मग दुसरा प्रश्न येतो. जॉन स्टुअर्ट मिल 1865 मध्ये निवडून आला. त्याची मतं जगजाहीर होती. जॉन मॉर्ले 1883 मध्ये आला, तोही अज्ञेयवादी. दोघंही शपथ घेऊन जागेवर बसले आणि कामाला लागले, तमाशा नाही. ब्रॅडलॉला तमाशा हवा होता. तो व्याख्यानांच्या मंचावर वाढलेला माणूस, त्याला सभागृहसुद्धा मंचच वाटलं. शिवाय त्याच्या मागे नुसती नास्तिकता नव्हती. 1877 मध्ये ॲनी बेझंट आणि त्यानं मिळून संततिनियमनावरची नोल्टनची पुस्तिका छापली, खटला झाला, सहा महिन्यांची कैद आणि दोनशे पौंड दंड झाला. अपिलात सुटले ते आरोपपत्रातल्या तांत्रिक दोषामुळे, निर्दोष म्हणून नव्हे. राजघराण्याविरुद्ध त्याचं लिखाण वेगळंच. असा माणूस राणीशी निष्ठेची शपथ घेतो म्हटल्यावर लोकांच्या भुवया उंचावल्या तर नवल काय?

प्राध्यापक : मिल आणि मॉर्लेची उदाहरणं तुम्ही काढलीत हे फार बरं झालं, कारण माझा सगळा युक्तिवाद त्यांच्यावरच उभा आहे. त्यांना सभागृहानं काही विचारलं नाही. देव न मानणारे सभासद आत येत होते आणि सभागृहाला ते ठाऊक होतं. एवढं लांब कशाला, नॉर्दॅम्प्टनला दोन जागा होत्या. ब्रॅडलॉबरोबर त्याच निवडणुकीत हेन्री लॅबूशेर निवडून आला. सावकारी घराण्यातला, पैसेवाला, आणि धर्माबद्दलची त्याची बेफिकिरी सगळ्या लंडनला माहीत. त्यानं शपथ घेतली, जागेवर बसला. तेच गाव, तेच मतदार, तीच शपथ. फरक इतकाच की एकानं मनातलं मनात ठेवलं आणि दुसऱ्यानं आधी खरं सांगितलं. म्हणजे ही चाळणी नास्तिकांना अडवत नव्हती, खरं बोलणाऱ्याला अडवत होती. लपवणाऱ्याला वाट मोकळी आणि सांगणाऱ्याला बंद, अशी शपथ धर्माचं रक्षण करते असं म्हणता येईल का? ग्लॅडस्टनसारखा कट्टर श्रद्धाळू पंतप्रधान ब्रॅडलॉच्या बाजूनं उभा राहिला तो याच जाणिवेतून. ब्रॅडलॉची मतं त्याला मनापासून नावडती होती. तरी 26 एप्रिल 1883 ला प्रतिज्ञेच्या विधेयकावर त्यानं केलेलं भाषण त्याच्या आयुष्यातल्या सर्वोत्तम भाषणांत गणलं जातं. कसला तरी देव मानला की पुरे, मग तो माणसाच्या सुखदुःखाशी संबंध नसलेला का असेना, ही अट श्रद्धेचाच अपमान करते, असं त्याचं म्हणणं होतं. ते सांगताना त्यानं ल्युक्रीशस या रोमन कवीच्या लॅटिन ओळी म्हणून दाखवल्या. विधेयक 292 विरुद्ध 289 मतांनी पडलं. तीन मतं!

नोल्टन खटल्याबद्दल म्हणाल, तर तो 1877 चा. राजघराण्यावरचं लिखाण त्याच्याही आधीचं. नॉर्दॅम्प्टन हे जोडे बनवणाऱ्या कारागिरांचं गाव. तिथं तो 1868 मध्ये हरला, 1874 मध्ये दोनदा हरला. बारा वर्षं त्या गावानं त्याला ऐकलं, पारखलं, नाकारलं आणि 1880 मध्ये स्वीकारलं. त्याच्याबद्दलची कोणतीही गोष्ट त्यांच्यापासून लपलेली नव्हती, कारण त्यानं काही लपवलंच नव्हतं. 3,827 माणसांनी सगळं जाणून मत दिलं. ज्या गोष्टी मतदारांनी तोलून झाल्या, त्याच गोष्टी सभागृहानं पुन्हा काट्यावर घालायच्या आणि मतदारांचं माप खोटं ठरवायचं, हा अधिकार त्याला कोणी दिला?

वकील : कायद्यानं दिला, सर. इथं मात्र मी हटणार नाही. 1884 मध्ये ब्रॅडलॉ विरुद्ध गॉसेट या दाव्यात क्वीन्स बेंचनं स्पष्ट सांगितलं की सभागृहाच्या अंतर्गत कारभारात न्यायालय हात घालणार नाही. तो निकाल आजही दाखल्याला काढला जातो. सभागृह आपल्या घराचं मालक आहे. घरात कोणाला घ्यायचं हे मालकानं ठरवलं तर तक्रार कसली?

प्राध्यापक : न्यायालय म्हणालं की हे आमच्या हद्दीबाहेर आहे. सभागृहाचं बरोबर आहे, असं ते म्हणालं नाही, आणि हा फरक तुम्हाला मी समजावून सांगायला नको. हद्द नाही म्हणून न्यायाधीश थांबला, तर प्रश्न सुटत नाही, फक्त तो दुसऱ्या न्यायासनापुढे जातो. इथं ते न्यायासन मतदारांचं होतं. आणि सभागृह घर असेल, पण सभासद त्याचे मालक नव्हेत. ते तिथं इतरांच्या वतीनं बसलेले आहेत. पाटलाच्या वाड्यात कोणी यायचं हे पाटील ठरवील, चावडीवर कोणी यायचं हे एकटा पाटील ठरवू शकत नाही.

इंग्लंडला हा धडा नवा नव्हता. 1769 मध्ये जॉन विल्क्सला मिडलसेक्सच्या मतदारांनी पुन्हा पुन्हा निवडलं, सभागृहानं पुन्हा पुन्हा काढलं, शेवटी हरलेल्या उमेदवाराला त्याच्या जागी बसवलं. 1782 मध्ये त्याच सभागृहाला तो ठराव आपल्या दप्तरातून खोडावा लागला. डॅनियल ओकॉनेल 1828 मध्ये आयर्लंडमधून निवडून आला, कॅथलिक असल्यानं त्याला ती शपथ घेता येईना. पुढच्या वर्षी कायदा बदलला. लायोनेल द रॉथ्सचाइल्ड हा ज्यू 1847 मध्ये लंडन शहरातून निवडून आला आणि ख्रिस्ती श्रद्धेचे शब्द त्या शपथेत असल्यामुळे त्याला 1858 पर्यंत बाहेर थांबावं लागलं. दर वेळी आधी शपथ अडवते, मतदार हटत नाहीत आणि मग कायद्याला वाट काढावी लागते. ब्रॅडलॉ या रांगेतला पुढचा माणूस. फरक एवढाच की ओकॉनेल आणि रॉथ्सचाइल्ड यांच्यामागे एकेक समाज होता. नास्तिकांचा समाज म्हणजे कोण? व्याख्यानं ऐकणारे मूठभर कामगार. म्हणून त्याला फक्त मतपेटीचाच आधार होता आणि तो त्यानं सोडला नाही.

ही सहा वर्षं जरा जवळून पाहिली की शब्द अपुरे पडतात. 23 जून 1880 ला तो सभागृहातून बाहेर जायला नकार देतो, तेव्हा त्याला घड्याळाच्या मनोऱ्यात, ज्याला लोक बिग बेन म्हणतात त्याच मनोऱ्यात, कोंडतात. दुसऱ्या दिवशी सोडतात. त्यानंतर त्या मनोऱ्यात कोणत्याही सभासदाला कैद झालेली नाही. जुलैमध्ये ग्लॅडस्टनच्या ठरावामुळे तो प्रतिज्ञा करून बसतो, पण कायदेशीर जोखीम स्वतःच्या डोक्यावर घेऊन. लगेच एक माणूस दावा लावतो की यानं बेकायदा मतदान केलं, दर मतामागे पाचशे पौंड दंड हवा. या दाव्यामागे हुजूर पक्षाचा एक सभासद होता हे पुढे कोर्टात सिद्ध झालं आणि ब्रॅडलॉनं उलट त्याच्यावरच दावा जिंकला. मूळचा दंडाचा दावाही तो 1883 मध्ये सर्वोच्च पातळीवर जिंकला. बहुतेक वेळा स्वतःची बाजू स्वतःच मांडत होता. मार्च 1881 मध्ये जागा गेली. एप्रिलमध्ये पोटनिवडणूक, 132 मतांनी विजय. 3 ऑगस्ट 1881 ला तो दारातून आत शिरू पाहतो, तेव्हा सभागृहाचे शिपाई आणि पोलीस मिळून त्याला जिन्यावरून खेचत खाली आणतात. कोट फाटतो, दंडाचे स्नायू दुखावतात. आणि बाहेर अंगणात त्याचे शेकडो समर्थक उभे आहेत, त्यानं नुसता हात वर केला असता तर दंगल झाली असती. त्यानं हात वर केला नाही. मला ब्रॅडलॉच्या चरित्रातला हा क्षण सर्वांत मोठा वाटतो. दोन्ही दंड ठणकत असताना ज्यानं जमावाला थोपवलं, तो तमाशा करायला आला होता असं म्हणवत नाही. मार्च 1882 मध्ये पुन्हा निवडणूक, 108 मतांनी विजय. फेब्रुवारी 1884 मध्ये पुन्हा, 368 मतांनी. शेवटी 13 जानेवारी 1886 ला नवे सभापती आर्थर पील यांनी सांगितलं की निवडून आलेला सभासद आणि त्याची शपथ यांच्यामध्ये उभं राहायचा मला अधिकार नाही आणि दुसऱ्या कोणालाही नाही. सरकार तेव्हा हुजूर पक्षाचं होतं, त्याला आक्षेप घ्यायचा होता, पण सभापतींनी तो ऐकला नाही. ब्रॅडलॉनं शपथ घेतली, पीलशी हात मिळवला, जागेवर बसला. पाच मिनिटांत. जे 1886 मध्ये पाच मिनिटांत झालं ते 1880 मध्येही तितक्याच वेळात झालं असतं, कारण मधल्या काळात कायद्याचा एक शब्दही बदललेला नव्हता.

म्हणूनच त्यानं शपथ घ्यायची तयारी दाखवली याला मी ढोंग मानत नाही. नुसत्या स्वतःच्या विवेकाचा प्रश्न असता तर त्यानं बाहेर राहून हात स्वच्छ ठेवले असते आणि तुम्ही म्हणता तसा आदर कमावला असता. पण निवडून आल्या क्षणापासून तो एकट्याचा राहिला नव्हता. त्याच्या निर्मळपणासाठी एका गावाची जागा रिकामी ठेवायचा त्याला हक्क नव्हता.

वकील : पण जागा रिकामी राहिलीच ना! तुमचाच तर्क तुमच्यावर उलटतो. 1880 ते 1886, मधले आठ-नऊ महिने सोडले तर नॉर्दॅम्प्टनचा अर्धा आवाज बंद होता. एखादा दुसरा उदारमतवादी उभा केला असता तर त्या चर्मकारागिरांची कामं झाली असती. मतदारांची एवढी काळजी होती तर राजीनामा द्यायचा होता. आणि आत गेल्यावर तरी त्यानं कामगारांसाठी काय केलं? समाजवादाला कडवा विरोध, 1884 मध्ये समाजवादी पुढारी हाइंडमनशी त्यावर जाहीर वाद, आठ तासांच्या कायद्यालाही विरोध. ज्या हातांनी त्याला निवडलं, त्यांचे तास कमी करायला तो तयार नव्हता.

प्राध्यापक : आठ तासांच्या बाबतीत तुमचं म्हणणं मान्य. तो जुन्या वळणाचा व्यक्तिवादी होता. माणसानं स्वतःच्या बळावर, संघटनेच्या जोरावर मिळवावं, कायद्यानं तास ठरवू नयेत, असं त्याचं मत होतं आणि काळानं ते चुकीचं ठरवलं. त्यासाठी मी त्याची वकिली करणार नाही. पण राजीनामा? तीन पोटनिवडणुकांत मतदारांना नेमका हाच प्रश्न विचारला गेला होता, दुसरा पाठवू का? तिन्ही वेळा त्यांनी नाही म्हटलं. त्यांचा आवाज बंद झाला तो ब्रॅडलॉमुळे नव्हे. त्यांनी तोच तोच आवाज पाठवला आणि दार उघडलं नाही म्हणून तो बंद झाला. आत गेल्यावर पाचच वर्षं आयुष्य उरलं होतं. मजुरी रोखीत न देता मालकाच्या दुकानातल्या मालात द्यायची, या लुबाडणुकीविरुद्धचा 1887 चा कायदा त्याच्या खटपटीनं झाला. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या सरदारांच्या पेन्शनींची चौकशी त्यानं लावली.

आणि हिंदुस्थान. त्याला हिंदुस्थानचा सभासद म्हणायचे, ते उगाच नव्हे. सभागृहात हिंदुस्थानचा विषय निघाला की बाकं रिकामी व्हायची. हा माणूस प्रश्नांचे कागद घेऊन उठायचा. समोर उत्तर द्यायला असायचा हिंदुस्थानचा उपमंत्री सर जॉन गॉर्स्ट. 1880 मध्ये हुजूर पक्षातल्या रँडॉल्फ चर्चिलच्या ज्या टोळक्यानं, ज्याला चौथा पक्ष म्हणत, ब्रॅडलॉचा रस्ता अडवला, त्यातलाच हा गॉर्स्ट. महाराष्ट्राला जवळचं असलेलं एक प्रकरण सांगतो. मध्य विभागाचा कमिशनर आर्थर क्रॉफर्ड लाचखोरीच्या चौकशीत सापडला. मुंबईच्या ज्या मंडईला त्याचं नाव होतं, तिला आज महात्मा जोतिबा फुल्यांचं नाव आहे. त्याला पैसे दिल्याचं कबूल करणाऱ्या मामलेदारांना सरकारनं आधी अभय दिलं आणि जबान्या झाल्यावर त्यातल्या काहींना नोकरीतून काढलं. पुण्यात टिळकांनी त्यांची बाजू घेतली. लंडनमध्ये तोच प्रश्न पार्लमेंटात नेला तो ब्रॅडलॉनं. नॉर्दॅम्प्टनच्या जोडे शिवणाऱ्यांनी पाठवलेला माणूस पुण्याच्या मामलेदारांसाठी जाब विचारतो आहे! ज्यांना पार्लमेंटात एकही मत नव्हतं, त्यांच्यासाठी.

1889 च्या अखेरीस जिवावरच्या दुखण्यातून उठून तो समुद्रमार्गे मुंबईला आला. डिसेंबरात काँग्रेसचं पाचवं अधिवेशन भरलं, अध्यक्ष सर विल्यम वेडरबर्न, स्वागताध्यक्ष फिरोजशहा मेहता. प्रतिनिधी बरोबर 1,889, सालाइतकेच. ब्रॅडलॉला पाहायला लोक लोटले. कायदेमंडळांच्या सुधारणेची योजना तिथं चर्चेला आली. तिला टिळकांनी दुरुस्ती सुचवली आणि गोखल्यांनी अनुमोदन दिलं. पुढे वर्षानुवर्षं ज्यांचं जमलं नाही ते दोघं त्या दिवशी एका बाजूला होते. ब्रॅडलॉनं ती योजना विधेयक करून 1890 मध्ये पार्लमेंटात मांडली. ते मंजूर झालं नाही. पण सरकारला आपलं विधेयक आणावं लागलं आणि त्याच्या मृत्यूनंतर 1892 चा कायदा झाला. तो अपुरा होता, निवडणूक हा शब्दसुद्धा त्यानं टाळला. तरी त्याच वाटेनं मेहता, टिळक आणि गोखले मुंबईच्या कायदेमंडळात गेले. आपलं म्हणणं मांडायला आपण निवडलेला माणूस आत असावा, या मागणीसाठी ज्यानं स्वतः सहा वर्षं दारात काढली, त्याला ती हिंदुस्थानच्या तोंडून ऐकताना परकी वाटली नसावी.

वकील : एक शेवटचा आक्षेप, आणि हा त्याच्याच माणसांनी घेतला होता. 1888 चा शपथांचा कायदा ब्रॅडलॉचं सर्वांत मोठं यश मानतात. पण त्या कायद्यात काय आहे? शपथ नको असेल तर कारण सांगायचं. एक तर माझी कोणत्याही धर्मावर श्रद्धा नाही असं म्हणायचं, नाही तर शपथ घेणं माझ्या धर्मश्रद्धेविरुद्ध आहे असं म्हणायचं. म्हणजे पुन्हा तेच, माणसाला उभं करून त्याच्या अंतःकरणाची झडती. ज्या गोष्टीविरुद्ध तो लढला, तीच त्यानं स्वतःच्या कायद्यात लिहून ठेवली.

प्राध्यापक : खरं आहे, आणि हा आक्षेप मला सर्वांत जास्त बोचतो. ती तडजोड होती. बहुमत मिळवायला ती करावी लागली आणि काही निरीश्वरवादी मित्रांनी त्याबद्दल त्याला माफ केलं नाही. मी त्यात एवढंच पाहतो की 1880 मध्ये श्रद्धा नाही असं म्हटलं की दार बंद व्हायचं आणि 1888 नंतर तेच म्हटलं की उघडायचं. कारण सांगायची अटही पुढे गेली. इंग्लंडच्या 1978 च्या कायद्यात नुसतं शपथ नको म्हटलं की पुरतं, का ते कोणी विचारत नाही. आपल्या राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत तर सुरुवातीपासूनच दोन पर्याय शेजारी शेजारी छापलेले आहेत, ईश्वरसाक्ष किंवा गांभीर्यपूर्वक. आमदार हवा तो वाचतो. ब्रॅडलॉच्या कायद्यापेक्षा हे पुढचं पाऊल आहे, हे मी मान्य करतो.

वकील : मग सभागृहानं आपली चूक कधी कबूल केली?

प्राध्यापक : 27 जानेवारी 1891. त्याला शपथ आणि प्रतिज्ञा दोन्ही नाकारणारा 22 जून 1880 चा ठराव दप्तरातून काढून टाकायचा, असा ठराव मंजूर झाला, विल्क्सच्या वेळेसारखाच. तो मागण्यासाठी ब्रॅडलॉ अनेक वर्षं झगडला होता. तेव्हा तो घरी मृत्युशय्येवर होता, शुद्ध नव्हती, त्याला सांगता आलं नाही. तीन दिवसांनी गेला, वय 57. मागे कर्ज होतं, पुस्तकं विकून ते भागवावं लागलं. ब्रुकवुडच्या दफनभूमीत लंडनमधले हिंदी विद्यार्थी जमले, त्यांत बॅरिस्टरीसाठी आलेला एकवीस वर्षांचा मोहनदास गांधी होता. फेब्रुवारीत नॉर्दॅम्प्टनला पोटनिवडणूक झाली. गावानं या वेळी आपल्यातलाच एक जोड्यांचा कारखानदार पाठवला. त्यानं शपथ घेतली की प्रतिज्ञा केली, हे विचारायचं कारण आता कोणाला उरलं नव्हतं.